अब्राहमला ब्रह्मा करू नका

काल मावशीने तो फिरता संदेश घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी गप्प होतो. मग कळलं की तिने तो अलिबागच्या आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मैत्रिणीलाही पाठवलाय. आता गप्प बसवत नाही. संदेश असा: अब्राहम म्हणजे ब्रह्मा, सारा म्हणजे सरस्वती, हागार म्हणजे घग्गर नदी, म्हणून ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे मूळचे वैदिक, आणि कोकणातले ज्यू तर 'घरी परतलेले'.

आधी नाव. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 17वा अध्याय उघडून बघा. या माणसाचं मूळ नाव अव्राम. वयाच्या 99व्या वर्षी देव ते बदलून अव्राहाम करतो, आणि कारणही सांगतो: तू अनेक राष्ट्रांचा पिता होशील. 'अव' म्हणजे बाप, अरबीत 'अब'. म्हणजे 'ब्रह्मा'शी जुळवलेला 'ब' हा बापातला, आणि 'ह' तर म्हातारपणी जोडलेला! आपलं 'ब्रह्म' येतं 'बृह्', म्हणजे वाढणे, या धातूपासून. सारा हे नावही त्याच अध्यायात 'साराय'चं बदलून झालंय. त्याचा अर्थ राजकुळातली स्त्री. सरस्वती म्हणजे पाण्याने भरलेली. हागारला तर तीच पोथी मिसरी, म्हणजे इजिप्तची, दासी म्हणते. पुढे जाऊ.

एवढं मान्य करतो की तिन्ही धर्म अब्राहमला आपला मूळपुरुष मानतात. हिब्रू आणि अरबी एकाच भाषाकुळातल्या, म्हणून शालोम आणि सलाम सख्खे. ज्यूंचं मूळ भारतात शोधणंही जुनंच आहे. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याने दिलेल्या एका ग्रीक उताऱ्यात ते सापडतं. पण जुनं म्हणून खरं होत नाही.

मला खरा राग आहे तो 'घरी परतलेले' या शब्दांचा. बेने इस्रायलींची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावपाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या गेल्या, हिब्रू विसरली. तरी शेमा ही प्रार्थना टिकली: इस्राएला ऐक, आपला देव एकच. तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पेणकर, केहिमकर अशी आडनावं घेतली, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचा नैवेद्य केला, मराठीत कीर्तनं केली. 1948 नंतर इस्रायलला गेले, तर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. आंदोलन करावं लागलं, तेव्हा 1964 साली तिथल्या सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानलं. ज्यांनी आपलं ज्यूपण शतकानुशतकं असं जपलं, त्यांना आपण अभिमानाने कळवतोय की तुम्ही ज्यू नव्हतातच!

मावशी, त्या मैत्रिणीला आधी फोन कर. संदेश नंतर पुस.