धूर छातीत घेतला नाही, तरी चक्कर आली

नमस्कार,

माझ्या पहिल्या सिगारच्या अनुभवावर मी जो लेख लिहिला, त्याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिगारचा धूर छातीत घ्यायचाच नसतो, त्यामुळे मला मळमळलं याचा अर्थ मी ती सिगरेटसारखी ओढली. सिगार ही निवांत चव घ्यायची गोष्ट, व्यसन नव्हे. आणि घाम-मळमळीची वर्णनं करून मी नवख्यांना उगाच घाबरवतोय.

धूर मी छातीत घेतला नव्हता. शेजारी बसलेला मित्र यातला मुरलेला. धूर गालात ठेव, जिभेवर फिरू दे, सोडून दे, असं तो दर झुरक्याला बजावत होता. पेटवलीही त्यानंच. ज्योत सिगारला न टेकवता टोक फिरवत फिरवत शेकलं, कडा चौफेर काळी होऊन लाल झाली, मगच माझ्या हातात दिली. तरी निम्मी संपायच्या आत तोंडाला पाणी सुटलं, केस सुरू होतात तिथे गार घाम फुटला आणि बसल्या जागी खुर्ची डुलायला लागली. ठसका एकदाही लागला नाही. छातीत धूर गेला असता तर सिगरेट न ओढणाऱ्या माझ्यासारख्याचा खोकून जीव गेला असता.

मग निकोटिन गेलं कुठून? तोंडातून. सिगरेटचा बराचसा तंबाखू कृत्रिम उष्णतेवर झटपट वाळवतात, त्यात साखर टिकून राहते आणि त्याचा धूर आम्लधर्मी असतो. आम्लधर्मी धुरातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून तर सिगरेटवाल्याला तो छातीत ओढावा लागतो. सिगारचं पान हवेवर कित्येक आठवडे वाळतं, नंतर थप्प्या लावून आंबवलं जातं. साखर मोडते, अमोनिया सुटतो, आणि अशा पानाचा धूर अल्कधर्मी निघतो. त्यातलं निकोटिन मोकळ्या रूपात असतं. ते गाल, जीभ, हिरड्या यांतून थेट रक्तात उतरतं. लाळेबरोबर गिळलं जातं ते पोट ढवळायला पुरतं, ते वेगळंच. दाढेखाली तंबाखू धरणाऱ्याला कुठे धूर लागतो?

शिवाय प्रमाण बघा. सिगरेटमध्ये तंबाखू जेमतेम एक ग्रॅम असतो. मोठ्या सिगारमध्ये ५ पासून २० ग्रॅमपर्यंत असू शकतो, म्हणजे काही सिगारांत सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाचा ऐवज. मी ओढली ती रोबुस्तो: साधारण पाच इंच लांब, जाडी ५० रिंग. हे रिंगचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, तेव्हा ५० म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर. अशी सिगार पाऊण तास ते तासभर चालते. सवय नसलेल्या शरीरानं तेवढा वेळ निकोटिन शोषलं तर त्यानं कुरकुर करायची नाही तर काय करायचं?

‘व्यसन नव्हे’ याबद्दल. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६२ साली, फोर्ट डोनल्सन या किल्ल्याच्या लढाईत उत्तरेच्या सैन्याच्या जनरल ग्रँटच्या हातात सिगार होती अशी वर्णनं वर्तमानपत्रांत छापून आली. लोकांनी कौतुकानं सिगारच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे दहा हजारांच्या घरात सिगार जमल्या. तोवर तो बेतानं ओढणारा होता. वाटून उरलेल्या संपवता संपवता सवय जडली ती जडलीच, आणि १८८५ मध्ये घशाच्या कॅन्सरनं तो गेला. चव घेणाऱ्याला व्यसन लागत नाही, असं काही नसतं.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायलाच हवी: धूर छातीत न घेणाऱ्या सिगारवाल्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगरेटवाल्यांपेक्षा कमी असतो. पण तंबाखूला न शिवणाऱ्यापेक्षा तो जास्तच. तोंड आणि अन्ननलिका यांना तर ही सवलतही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९९८ मध्ये सिगारवर अख्खा ग्रंथ काढला, त्यात हे सगळं आहे. ‘सिगरेटपेक्षा बरी’ हे वाक्य अर्धंच खरं आणि नेमकं तेच नवख्याच्या कानावर पहिल्यांदा पडतं. म्हणून मळमळीचं वर्णन मी काढणार नाही.

घाईघाईनं झुरके घेतले की सिगार तापते, कडू होते आणि डोकं लवकर गरगरतं, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. मिनिटाला एक झुरका पुरे, त्याहून कमी चालेल. रिकाम्या पोटी ओढू नये हेही बरोबर. मात्र ‘नवख्यानं फिकट रंगाची घ्यावी, म्हणजे सौम्य लागते’ हे पटत नाही. रंग वरच्या आवरणाचा असतो. जोर बराचसा आत कोणतं पान गुंडाळलंय त्यावर ठरतो. लिगेरो म्हणतात ते रोपाच्या शेंड्याकडचं पान ऊन खाऊन जाड आणि जहाल झालेलं असतं, हळू जळतं, म्हणून गाभ्यात घालतात. बाहेरून ते दिसणार कसं? उलट माडुरो म्हणतात ती काळपट आवरणाची सिगार कित्येकदा गोडसर लागते. विकणाऱ्याला रंग न विचारता जोर विचारावा.

अर्धी उरलेली सिगार दुसऱ्या दिवशी पेटवावी का, असंही तुम्ही विचारलंय. नुकतीच विझली असेल तर राख झटकायची, आत कोंडलेला धूर एकदा उलट फुंकून काढायचा आणि पुन्हा शेकायची, सगळेच करतात. रात्रभर पडली की मात्र शिळ्या राखेचा आणि डांबराचा वास तिच्यात मुरतो, तो पुढे चवीत उतरतो. माझी उरलेली मित्रानं राखदाणीत नुसती आडवी ठेवली, चुरडली नाही, कारण चुरडल्यावर खोलीभर वास सुटतो. तुमची अर्धी टाकून द्या.