बंद म्हणजे खरंच बंद?

गणपतीसाठी नौपाड्याला घरी आले. आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात देत शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तू चिप बनवतेस ना? आमच्या ह्याला सहा महिन्यांच्या व्हीएलएसआय कोर्सला घालू का? महाप्याला कंपन्या येतायत म्हणे." त्या गर्दीत काय सांगणार? म्हणून इथे लिहितेय.

ते व्हीएलएसआयचे कोर्स चिपचं डिझाइन शिकवतात, बऱ्याचदा नुसतं व्हेरिफिकेशन, म्हणजे डिझाइन बरोबर आहे का ते तपासणं. त्यात वाईट काही नाही, उलट नोकऱ्या तिकडेच जास्त. पण माझं काम ते नाही. डिझाइनवाले अब्जावधी ट्रान्झिस्टर जोडतात. आम्ही डिव्हाइसवाले एकाच ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे चिपमधल्या एका इवल्याशा स्विचच्या, मागे हात धुऊन लागतो. किती व्होल्टला चालू होतो आणि बंद केल्यावर खरंच बंद होतो का? ह्या दुसऱ्या प्रश्नात माझी दहा वर्षं गेली. नेहमीच्या तापमानाला करंट दहापट घटवायचा तर साध्या मॉसफेटच्या (चिपमधला नेहमीचा ट्रान्झिस्टर) गेटचं, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाचं, व्होल्टेज निदान 60 मिलिव्होल्ट उतरवावंच लागतं. तिथे जुगाड चालत नाही.

पवईला एमटेक करताना एका सँपलच्या लीकेजने, म्हणजे बंद असतानाही गळणाऱ्या करंटने, आठवडाभर छळलं. गेटखालच्या ऑक्साइडच्या थराला शिव्या घातल्या, प्रोसेस करणाऱ्या सीनिअरशी भांडले. शेवटी कळलं, पॅडवर सुया टेकवून झाल्या तरी मायक्रोस्कोपचा दिवा मी चालूच ठेवत होते! सिलिकॉनवर उजेड पडला की करंट वाहणारच, सोलर पॅनेल त्यावरच तर चालतं. दिवा मालवला आणि आलेख मुकाट्याने खाली गेला. सीनिअर अजून पिडतो.

महाप्याला ज्याचा गाजावाजा झाला ते काम पॅकेजिंगचं. वेफर (चिप घडवलेली सिलिकॉनची चकती) कापणं, चिप बसवणं, जोडण्या करणं, तपासणं. कामाचंच आहे, पण ट्रान्झिस्टर घडतो फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात. मोहालीचं सरकारी फॅब 180 नॅनोमीटरचं, म्हणजे जुन्या तंत्राचं; गुजरातमधल्या धोलेऱ्याच्या फॅबला मंजुरी मिळाली ती 2024 मध्ये. मी बंगळुरूला बसते आणि माझे वेफर तैवानहून येतात. एमटेक, मग पीएचडी; माझा पहिला धड पगार येईपर्यंत वर्गमैत्रिणींचे घोडबंदरला फ्लॅट बुक झाले होते.

तरी मला हेच काम हवं होतं. सहा महिन्यांत ते येतं असं कुणी सांगितलं तर मात्र राग येतो.

रात्री जिन्यात तो मुलगाच भेटला. विचारलं, "बारावीला फिजिक्सचा सेमीकंडक्टरचा धडा केला होतास?"

"ताई, शेवटचा ना तो? ऑप्शनला टाकला होता."