ट्रिक प्ले म्हणजे चाळे? जरा थांबा

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला अंतिम सामना, जवळ आला की आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. विषय ट्रिक प्ले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चकवणारा डाव. सार असं: "ट्रिक प्ले म्हणजे निव्वळ जुगार. ज्यांना धड ब्लॉकिंग-टॅकलिंग (अडवणं-पाडणं) येत नाही तेच असले चाळे करतात. सरावाचा वेळ त्यात घालवणारा कोच नालायक, आणि शाळेतल्या पोरांकडून ते करवून घेणं म्हणजे लबाडीचं शिक्षण." खाली अंगठ्यांची रांग. मी दर शनिवारी मुलाच्या सामन्यात कडेला उभा राहून, चेंडू किती पुढे सरकला ते मोजायची दहा यार्डांची साखळी धरतो. त्या रांगेत माझा अंगठा नाही, तो का, ते सांगतो.

आधी जुगाराचं. 4 फेब्रुवारी 2018, मिनिआपोलिस. फिलाडेल्फिया ईगल्स न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध 15-12 नं पुढे, मध्यंतराला 38 सेकंद, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि गोलरेषा एका यार्डावर. फील्ड गोल (लाथेनं चेंडू गोलखांबांमधून) मारला तर तीन गुण जवळजवळ खिशात. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, निक फोल्स मूळचा राखीव, कार्सन वेंट्झ जायबंदी झाला म्हणून आत आलेला. तो कडेला येऊन कोच डग पीडरसनला एका ठरलेल्या चकव्याबद्दल विचारतो, "फिली फिली?" पीडरसन क्षणभर थांबतो आणि म्हणतो, हो, करू या.

पुढचं सावकाश बघा. फोल्स नेहमीसारखा मागे उभा राहतो. मग लाइनमनना (पुढच्या रांगेत ब्लॉकिंग करणाऱ्यांना) काहीतरी सांगायचं राहिलंय अशा थाटात पुढे येतो आणि उजव्या टॅकलच्या, म्हणजे त्या रांगेतल्या उजवीकडच्या लाइनमनच्या, मागे थांबतो. तेवढ्यात चेंडू थेट कोरी क्लेमेंटच्या हातात. तो डावीकडे पळतो, उलट्या दिशेनं येणाऱ्या ट्रे बर्टनकडे चेंडू देतो. बर्टन कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला, त्याच्या हाताला पास नवा नाही. इकडे फोल्स, आपलं काम संपलं असं दाखवत जरा रेंगाळतो आणि मोकळ्या कोपऱ्यात सटकतो. आसपास चिटपाखरू नाही. टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे. ईगल्स सामना 41-33 जिंकले.

पास नुसता खाली पडला असता तर? तीन गुण हुकले असते, आणि पेट्रियट्सना चेंडू स्वतःच्याच गोलरेषेच्या तोंडाशी, अर्ध्या मिनिटासाठी मिळाला असता. याला जुगार म्हणायचं तर मग भिशीही जुगारच.

"दुबळ्यांचं हत्यार." त्याच सामन्यात, त्याच क्वार्टरमध्ये, पेट्रियट्सनीही रिसीव्हर (एरवी पास झेलणारा) डॅनी अमेंडोलाकडून क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला पास टाकला होता. ब्रेडीच्या हातून तो सुटला, म्हणून लोक विसरले. जानेवारी 2015 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध याच संघानं ज्युलियन एडेलमनकडून (हाही कॉलेजातला क्वार्टरबॅक) अमेंडोलाला 51 यार्डांचा टचडाउन पास दिला, सामना 35-31 असा काढला आणि त्याच मोसमात सुपर बोलही नेला. कोच बिल बेलिचिकच्या या संघाला मूलभूत खेळ येत नव्हता असं म्हणणाऱ्यापुढे मी हात जोडतो. बॉइझी स्टेट या कॉलेज संघानं 1 जानेवारी 2007 ला फिएस्टा बोलमध्ये बलाढ्य ओक्लाहोमाला एकामागून एक चकवे देत 43-42 नं हरवलं, तेव्हा ते दुबळे समजले जात होते खरे. पण त्या मोसमात ते एकही सामना हरलेले नव्हते.

आता मेसेजचा गाभा: ट्रिक आणि मूलभूत खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणे. इथेच सगळी गफलत आहे. फ्ली-फ्लिकर हा चकवा घ्या. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) देतो, लाइनमन धावेच्या डावासारखं ब्लॉकिंग करतात, रनिंग बॅक दोन पावलं पुढे जातो आणि चेंडू मागे क्वार्टरबॅककडे परत फेकतो. तोवर सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, धाव अडवायला पुढे आलेला असतो, त्याच्या डोक्यावरून लांब पास. पण सेफ्टी पुढे येणार कधी? त्याआधी तीच धाव चार-पाच वेळा त्याला सोसावी लागली असेल तरच. खो-खोत हूल कोणाची लागते? ज्याच्या पळण्याची धास्ती असते त्याची. ट्रिक प्ले हा रोजच्या डावाच्या भांडवलावरच चालतो.

आणि बचाव फसला नाही तर फार महागात पडतं, हे मान्य. 18 नोव्हेंबर 1985 ला वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमननं हाच फ्ली-फ्लिकर खेळला, जायंट्सचे लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतले) थेट त्याच्यावर आले, लॉरेन्स टेलरखाली त्याचा पाय मोडला आणि कारकीर्द तिथेच संपली.

सरावाच्या वेळेचं म्हणाल तर उदाहरण आहे, पण मेसेजच्या उलट बाजूचं. ऑक्टोबर 2015 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी पेट्रियट्सविरुद्ध पंटच्या (शेवटच्या प्रयत्नाला चेंडू लाथेनं लांब मारून देण्याच्या) वेळी जवळजवळ अख्खा संघ एका बाजूला नेला. मध्ये उरले दोघं: चेंडूवर ग्रिफ व्हेलन आणि मागे कोल्ट अँडरसन. हेतू इतकाच की पेट्रियट्स गोंधळतील, चूक करतील. नाही केली तर चेंडू उचलायचाच नाही. व्हेलननं उचलून मागे दिला. अँडरसन जागेवरच चिरडला. या जागेचा सराव दुसऱ्याच खेळाडूनं केला होता आणि तो जायबंदी होता, असं संघाच्याच पंटर पॅट मॅकॅफीनं पुढे सांगितलं. म्हणजे वेळ वाया घालवल्यानं नाही, योग्य माणसावर न घालवल्यानं फजिती झाली. शिवाय तुमचा एक चकवा व्हिडिओत दिसला की पुढच्या प्रतिस्पर्ध्याचाही आठवड्यातला वेळ त्यात जातो, हे कोणी मोजत नाही.

उरली लबाडी. इथे मेसेजशी मी अर्धा सहमत. 2010 मध्ये टेक्सासमधल्या एका माध्यमिक शाळेचा व्हिडिओ जगभर फिरला होता. कोच ओरडतो की पाच यार्डांची पेनल्टी राहिली, सेंटर (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणारा) चेंडू खांद्यावरून क्वार्टरबॅकच्या हाती देतो, तो पावलं मोजत असल्यासारखा बचावाच्या मधून चालत जातो आणि मग धूम ठोकतो. लोक खो-खो हसले. मला नाही हसू आलं. पोरं प्रामाणिकपणे खेळ थांबला समजून उभी होती, तेही एका मोठ्या माणसाच्या शब्दावर. शालेय फुटबॉलचे नियमही नेमकी इथेच रेघ ओढतात: विचित्र रचना, हुलकावण्या चालतील, पण खेळ सुरूच व्हायचा नाही असं भासवणारं बोलणं किंवा वागणं चालणार नाही. फोल्सनं काय केलं? बचावाला चुकीचा अंदाज करू दिला. बोलून फसवलं नाही.

आमच्या पोरांच्या कोचकडेही एक फ्ली-फ्लिकर आहे. या मोसमात तो एकदाच मागवला, तिसऱ्या क्वार्टरला, माझ्या साखळीच्या अगदी समोर. चेंडू छान परत आला, क्वार्टरबॅकनं वर पाहिलं, आणि पलीकडचा अकरा वर्षांचा सेफ्टी होता तिथेच उभा, हात कमरेवर. दुपारभर आमची एकही धाव तीन यार्डांपुढे गेली नव्हती. तो कशाला पुढे येईल?