ट्रॉलीचा पत्रा आणि अभियंता साहेबांची प्रतिक्रिया

मागच्या लेखाखाली एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, ‘एक अभियंता’ एवढीच सही. खालीच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण लिहायला बसलो तर लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या किट विमानाच्या (सुटे भाग मागवून घरी जोडायचं विमान) एलेव्हेटरच्या, म्हणजे शेपटीवरच्या वर-खाली हलणाऱ्या भागाच्या, पुढच्या काही रिब, म्हणजे आतल्या पत्र्याच्या फासळ्या, वाहतुकीत चेपून आल्या. नव्या मागवायच्या तर रिबच्या किमतीपेक्षा भाडं आणि कस्टम ड्यूटीच जास्त. मग कंपनीच्याच ड्रॉइंगवरून सागाचे ठोकळे करून मी त्या शेडमध्ये, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, हाताने घडवल्या, आणि कशा घडवल्या ते फोटोंसकट लिहिलं.

त्यावरची प्रतिक्रिया अशी:

“विमानाचे स्ट्रक्चरल भाग हातोडीने ठोकून बनवणे म्हणजे ट्रॉलीचा पत्रा सरळ करणे नव्हे. असे भाग कारखान्यात प्रेसवरच व्हायला हवेत. २०२४-टी३ सारखा कडक मिश्रधातू हाताने वाकवला की वळणावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्या पुढे वाढत जातात. कॉमेट विमानांचे काय झाले ते लेखकाने वाचावे. भेगांची तपासणी कशी केली याचा लेखात उल्लेख नाही. ४५ अंशांत घेतलेली मापे कितपत विश्वासार्ह? फोटोखाली पत्र्याचा प्रकारही लिहिलेला नाही. हौस समजू शकतो, पण असे लेख वाचून गावाकडची चार पोरे जिवाला मुकतील.”

साहेब, जे मान्य करण्यासारखं आहे ते आधीच मान्य करतो. फोटोखाली मी नुसतं ‘ॲल्युमिनिअमचा पत्रा’ लिहिलं होतं. २०२४-टी३ अल्क्लॅड, जाडी ०.०२५ इंच, असं लिहायला हवं होतं. आता लिहिलंय. तुमची नजर बारीक आहे, आभार.

आता पहिल्या वाक्याकडे येतो. कारण बाकीची प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली, पण त्या वाक्यापाशी थांबलो. मुद्दा मांडायला ‘हाताने वाकवण्यात धोका आहे’ एवढं पुरलं असतं. ट्रॉली मध्ये आणायची गरज नव्हती. ती आणलीत ती कशासाठी, हे मलाही कळतं आणि वाचणाऱ्यालाही.

माझ्या वडिलांचं दारव्हा रोडवर दुकान होतं. वखर, डवरे, तिफणी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. कापसाचा सीझन लागला की जिनिंगवर जाणाऱ्या ट्रॉल्यांची रांग दुकानापुढे लागायची. कोणाचा फाळका तुटलेला, कोणाच्या चॅसिसला भेग. भेग म्हणतोय मी साहेब, तुमच्याच प्रतिक्रियेतला शब्द आहे. भेग गेलेली चॅनल आली की वडील आधी वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊ देत नसत. घासून साफ करायची, भेग नेमकी कुठं संपते ते शोधायचं, आणि त्या टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडायचं. मग पुढचं काम. का, तर टोक अणकुचीदार राहिलं की ताण तिथंच गोळा होतो आणि भेग वेल्डिंगच्या खालून पुढे सरकते. गोल भोक पडलं की ताण पसरतो. वडील सातवी शिकलेले. पुढे एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं, एसी ४३.१३-१बी वाचायला घेतलं, विमानदुरुस्तीचं १९९८ चं ते जाडजूड पुस्तक, तर त्यात भेगेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवण्याची हीच रीत आहे. तेव्हा ट्रॉलीवाल्याला भेग म्हणजे काय ते कळत नाही, असं कृपा करून समजू नका. ट्रॉली मोडते ती भर रस्त्यावर, भरलेल्या मालासकट, आणि फाळक्यावर मजूर बसलेले असतात.

त्यानंतर मी यवतमाळला आयटीआय केलं, शीट मेटल वर्करचं. ॲप्रेंटिसशिप एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत. लाल गाडीची बॉडी तेव्हा ॲल्युमिनिअमची असायची. तो पत्रा कापणं, वाकवणं, रिव्हेट मारणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. एसटीचा पत्रा आणि विमानाचा पत्रा एक नाही, हे मला सांगायची गरज नाही. फरक हातालाच कळतो. एसटीचा पत्रा दाबला तर ऐकतो. २०२४-टी३ ऐकत नाही, वाकवून हात सोडला की परत येतो, आणि फार टोकदार वाकवला तर खरोखरच तडकतो. हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही वाचलं असेलच.

तरी परत सांगतो, कारण ‘ठोकून बनवणे’ या दोन शब्दांत तुम्ही सगळं गुंडाळलंत.

या जाडीच्या २०२४-टी३ ला वळणाची आतली त्रिज्या जाडीच्या साधारण तीन ते पाच पट ठेवायची असते. माझ्या पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये ०.६३५. मी त्रिज्या घेतली ३.२ मिमी, म्हणजे पाचपट. सढळ बाजूला, कंजूष बाजूला नाही. ठोकळ्याची कड त्या त्रिज्येत कानशीने गोल केली आणि पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केली. ठोकळ्याची बाजू काटकोनापेक्षा पाचेक अंश आत कापली, कारण पत्रा वाकवून सोडला की मागे येतो. नव्वद अंश हवे असतील तर नव्वदच्या पुढे न्यावा लागतो. पत्रा दोन ठोकळ्यांच्या मध्ये, पिना घालून पक्का, आणि सगळं व्हाइसमध्ये.

त्याआधीचं काम तर फोटोत दिसतच नाही, म्हणून ते कोणी मोजत नाही. कातरीने कापलेल्या कडेला दातेरी किनार राहते. ती तशीच ठेवून वाकवलं तर भेग तिथूनच सुरू होणार. म्हणून कड आधी बारीक कानशीने, मग पेपरने, बोटाला काहीच लागेनासं होईपर्यंत. दोन वळणं जिथं भेटतात त्या कोपऱ्यात आधीच गोल भोक. वळणाच्या रेषेवर स्क्रायबर चालवायचा नाही, तो ओरखडा म्हणजे भेगेला आमंत्रण. पेन्सिलही नाही, तिच्यातलं ग्राफाइट ॲल्युमिनिअमला गंज आणतं. मार्कर. शाळेतल्या पोरांचा साधा मार्कर, आणि काम झाल्यावर तोही पुसायचा. अल्क्लॅडवर दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनिअमचा थर असतो, या जाडीत प्रत्येक बाजूला पाचेक टक्के. गंजापासून वाचवणारं कवच तेवढंच, ते ओरबाडायचं नसतं.

मग हातोडी. नायलॉनची. लोखंडी हातोडी त्या टेबलाजवळ येऊच देत नाही. एका जागी ठोकून फ्लँज, म्हणजे रिबची वाकवायची कड, खाली पाडायची नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके ठोके, थोडी खाली, परत पहिल्यापासून, अजून थोडी खाली. रिबचं नाक गोल आहे, तिथं बाहेरच्या कडेला धातू जास्त होतो आणि फ्लँज झालरीसारखी लहरते. ती लहर ठोकून सपाट करायला गेलात तर पत्रा एकतर दुमडतो, नाहीतर सगळी रिब वाकडी होते. म्हणून दोन रिव्हेटच्या मधल्या जागेत पकडीने छोटी पन्हाळी पाडतात, त्याला फ्ल्यूटिंग म्हणतात. जास्तीचा धातू त्या पन्हाळीत जातो आणि रिब सरळ होऊन टेबलावर सपाट बसते. ती पक्कड मी घरीच केली, जबड्यांवर गोल सळीचे तीन तुकडे वेल्ड करून, घासून, पॉलिश करून. आणि जी फ्लँज जास्त वाकली ती उलटी वाकवून सरळ करत नाही. ती रिब भंगारात. पुढेमागे वाकवत बसलं की धातू कडक होत जातो आणि मग तुम्ही म्हणता तसंच होतं. माझ्या शेडमधलं भंगाराचं पोतं कधी येऊन बघा, मग ‘हौस’ हा शब्द वापरा.

‘प्रेसवरच व्हायला हवेत’ म्हणता. ठीक. प्रेसवर काय होतं? खाली असाच ठोकळा असतो, त्यावर पत्रा, आणि वरून जाड रबराची गादी दाबली जाते. डग्लस कंपनीत १९३० च्या दशकात ही पद्धत बसवली गेली, गेरिन पद्धत म्हणतात तिला. दाब सगळीकडे सारखा पडतो आणि काम झटपट होतं, हे खरंच. शंभर रिब करायच्या असतील तर मीही प्रेसच शोधीन. पण प्रेसवरून आलेल्या रिबलाही नाकापाशी लहर असतेच. फ्ल्यूटिंग आणि फ्लँज काटकोनात आणणं हे किट घेणाऱ्यानेच हाताने करायचं असतं, मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट छापलेलं आहे. म्हणजे ज्या हातांवर तुमचा भरवसा नाही, त्यांच्यावर कंपनीचा आहे.

आणि हे काही मी दारव्हा रोडवर शोधून काढलेलं नाही. जॉन थॉर्प यांच्या टी-१८ विमानाचे नकाशे मिळायचे. साठ-सत्तरच्या दशकांत लोकांनी त्यावरून आपापल्या गॅरेजात, लाकडी ठोकळ्यांवर ठोकून रिब केल्या. त्यातलंच एक, स्वतः बांधलेलं टी-१८ घेऊन डॉन टेलर १९७६ मध्ये पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले. घरी बांधलेल्या विमानाने असं पहिल्यांदाच झालं. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आहेत, पण त्यांचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही. ते व्यवसायाने वैमानिक, मी नाही, आणि लगेच तुम्ही तेच म्हणाल.

कॉमेटचं म्हणाल तर वाचलंय साहेब, चांगलं वाचलंय. कॉमेट म्हणजे ब्रिटिश जेट प्रवासी विमान. १९५४ मध्ये त्यातली दोन विमानं हवेतच फुटली, एक एल्बा बेटाजवळ, दुसरं नेपल्सजवळ. मग फार्नबरोला अख्खं विमान पाण्याच्या टाकीत घालून पुनःपुन्हा दाब देऊन तपासलं, तेव्हा केबिनच्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी धातू थकून भेग गेल्याचं दिसलं. पण ते विमान कोणी गावठी शेडमध्ये बांधलं होतं का? डी हॅविलंडच्या कारखान्यात बांधलं होतं, पदवीधर अभियंत्यांनी. शिवाय त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब भरलेला असायचा आणि प्रत्येक उड्डाणात बॉडी फुगायची. माझ्या एलेव्हेटरमध्ये कोणी हवा भरत नाही. उदाहरण देताना ते आपल्याच अंगावर येणार नाही, एवढं तरी बघावं माणसाने.

४५ अंश. हो, मे महिन्यात आमच्याकडे असतात. तुमच्या प्रोफाइलवर पुणे आहे, तिथं चाळिशी गाठली की बातमी होते. (हे लिहायला नको होतं, पण लिहिलं, राहू द्या.) तीन मीटरचा ॲल्युमिनिअमचा पत्रा २० अंशांवरून ४५ वर गेला की पावणेदोन मिलिमीटर वाढतो, पोलादी टेपही त्याच्या निम्म्याने वाढते. माझी रिब हातभर लांबीची. आणि भोकं मी टेपने मोजून पाडतच नाही, जोडीचा भाग वर ठेवून दोन्हींतून एकदम ड्रिल करतो. विषय संपला.

‘गावाकडची चार पोरे’ यावर काय बोलू? गावाकडची पोरं तुमच्याआधी माझ्या शेडवर येतात. “काहो भाऊ, हे खरंच उडन का?” हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि दुसरा, “तुमी बसान का यात पयले?” म्हणजे धोक्याचा विचार त्यांनी दुसऱ्याच प्रश्नात केला. त्यांना तुमच्या काळजीची गरज नाही. वावरातला पंप, थ्रेशर, लोंबणाऱ्या तारा यांच्यामध्ये वाढलेली पोरं आहेत ती. त्यांना मी हातोडी देतो ती आधी भंगारातल्या तुकड्यावर, आणि तो तुकडा हाताने वाकवून, मोडून बघायला लावतो. मोडतो कुठं ते त्यांना माहीत आहे. तुम्ही एखादा तरी तुकडा कधी मोडून पाहिलाय का?

राहिली भेगांची तपासणी. भिंगातून पाहिल्या आहेत सगळ्या रिब, दिवसाच्या उजेडात. काही दिसलं नाही. त्यावर उगाच परिच्छेद लिहित बसत नाही. परवानगी, नोंदणी आणि पुढची तपासणी हा माझा आणि डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचा, विषय आहे, तो इथं उघडणार नाही.

पुढच्या लेखात एलेव्हेटरची स्किन, म्हणजे रिबवर बसणारा बाहेरचा पत्रा, आणि रिव्हेटिंग घेतोय. त्यावरही जरूर लिहा, फक्त या वेळी खाली नाव टाका.