‘भांडू दे, आपोआप ठरेल’ म्हणणाऱ्यांना

गणपतीत चाकरमानी येऊन गेले आणि जाताना आमच्या देवगड तालुक्यातल्या निम्म्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज सोडून गेले. ‘घरात दोन तापट कुत्री? मग एवढं कराच.’ मेसेज असा: कुत्रा म्हणजे पाळलेला लांडगा, आणि कळपात म्होरक्या एकच असतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणून त्यांना एकदा मनसोक्त भांडू द्या, एक दबला की विषय संपला. मालकाने स्वतः ‘अल्फा’, म्हणजे म्होरक्या, व्हावं आणि गुरगुरणाऱ्याला उताणा पाडून दाबून धरावं. दोघांना एकाच ताटात घालावं, प्रेम वाढतं. नर नकोत तर दोन माद्या आणाव्यात, त्याही एकाच वेताच्या. तरी भागलं नाही तर खच्ची करावं. आणि शेवटी, खळ्यात म्हणजे अंगणात दोन कुत्री बांधलेली असली की बिबट्या फिरकत नाही. खाली हात जोडलेले, ‘जनहितार्थ जारी’.

आमच्याकडे एकाहून जास्त कुत्री हौसेपोटी नसतात. मोहर धरल्यापासून आंबा उतरेपर्यंत बाग राखायची तर वानरांची टोळी एका कुत्र्याला भीक घालत नाही. आणि वानराच्या अंगावर जाणारं कुत्रं मुळातच हेकट असावं लागतं. सोशिक असेल ते पडवीत पडून तमाशा बघतं. म्हणजे घरोघरी दोन-तीन हेकट कुत्री एका गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या आत. अशा घरात हा मेसेज वाचून कोणी वागलं तर काय होईल ते लिहिणं भाग आहे.

लांडग्यापासून सुरुवात करू. ‘अल्फा’ची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या लेखातून पुढे आली. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले होते: कोंडलेले, आणि हरल्यावर निघून जायला वाट नसलेले. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० साली आपल्या पुस्तकात ती कल्पना घेतली आणि ती जगभर झाली. पुढे याच मेकनी कॅनडाच्या उत्तरेला, एल्समीर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. कोणी कोणाला लोळवून म्होरक्या होत नाही. पोरं वयात आली की आपलं घर करायला निघून जातात. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. ज्यांनी पसरवलं त्यांनीच मागे घेतलं, तरी मेसेज पुढे चाललाच आहे.

पण यातली खरी मेख वेगळी. रानातला लांडगा निघून जाऊ शकतो, बाझेलचा जाऊ शकत नव्हता. आपल्या गडग्याच्या आतलं कुत्रंही जाऊ शकत नाही. आज हरलेल्याला उद्या सकाळी त्याच मागीलदारी, त्याच वाटीजवळ, त्याच जिंकलेल्यासमोर उभं राहायचं असतं. मग ‘निकाल’ लागणार कसा? आमचे शेजारी आबा या मेसेजच्या कितीतरी आधीपासून हेच म्हणत आलेत, ‘‘भांडांदेत त्येंका, एकदा निकाल लागलो काय आपसूक गप बसतले.’’ त्यांच्याच दारात काय झालं ते अख्ख्या वाडीने पाहिलं. पहिल्या भांडणात नुसता आवाज होता. दुसऱ्यात कान फाटला. पुढे तर हरणारा गुरगुरायलाही थांबेना, समोरचा दिसला की थेट मानेला. कुत्री भांडून शहाणी होत नाहीत, भांडणात तरबेज होतात.

थोडं खरं आहे तेही सांगतो. म्हातारी कुत्री पिल्लाला एकदा ‘खॅक’ करते आणि पिल्लू मागे सरतं, त्यात पडू नये. आवाज मोठा, दोन-चार क्षणांत दोघं बाजूला आणि अंगावर दाताचं भोक नाही, तर तो कुत्र्यांचा आपसातला व्यवहार. आवाज थांबलाय आणि एकाने दुसऱ्याची कातडी धरून ठेवलीय, तर तिथे ‘ठरवू दे’ म्हणणं म्हणजे रक्त वाहताना बघत बसणं. जुन्या कुत्र्याला आधी जेवण, आधी दार, आधी हात, असा कायमचा क्रम लावला तर बऱ्याच घरांत ताण कमी होतो, हेही खरं. पण तो क्रम माणसाने रोज पाळायचा असतो, कुत्र्यांनी दातांनी ठरवायचा नसतो.

दुसरा सल्ला, उताणा पाडून दाबून धरायचा, मला सगळ्यांत घातक वाटतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं प्रसिद्ध केली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली त्यांतल्या ४३ टक्के, आणि उताणं पाडून धरलं त्यांतल्या ३१ टक्के मालकांवर कुत्रं उलटलं होतं. आपल्याकडे हा सल्ला वाचून दाबायला बसणार कोण? बहुधा घरातला कॉलेजातला पोरगा, आणि कुत्र्याच्या तोंडापासून त्याचं तोंड वीतभर लांब. शिवाय गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केली तर राग जात नाही, फक्त सूचना जाते. मग लोक म्हणतात, ‘‘काहीच न करता एकदम चावला हो.’’

आता ताट. पावसात मासेमारी बंद असते, पण एकदा का ऑगस्टात बाजारात बांगडा आला की आमच्या वहिनी मागीलदारी विळी घेऊन बसतात. टोपली डावीकडे, पाण्याचं पातेलं उजवीकडे, समोर दोन कुत्री. राजा गोणपाटावर, चंपी चार पावलांवर. पहिलं डोकं विळीवरून खाली पडतं तेव्हा काही होत नाही. दुसरं पडतं तेव्हा चंपीचं हलणारं शेपूट थांबतं. तोंड मिटतं. मान जरा खाली जाते आणि डोकं न वळवता ती फक्त डोळे तिरके करून राजाकडे बघते, इतके की बुबुळाच्या कडेला पांढरं दिसतं. राजाही गोठल्यासारखा उभा. आवाज नाही, दात नाहीत. भांडण इथे सुरू होतं, भुंकण्यावर नाही. वहिनी मान वर न करता ‘चंपे, आत’ म्हणतात आणि ती मांगरात, घरामागच्या खोपीत जाते, कारण मासे साफ करताना आपला वाटा मांगरात मिळतो हे तिला ठाऊक आहे. घरात विळी निघाली की मांगराची कडी निघते, हा आमच्याकडचा नियम.

हे सगळं एका ताटात करायचं म्हणजे रोज दोनदा आगकाडी ओढायची. अमेरिकेत एकाच घरातल्या भांडखोर कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भांडणं पेटायची कारणं म्हणून त्यात सिंहासन वगैरे नव्हतं. खाणं, सापडलेली वस्तू, मालकाचा हात आणि घरातली एकदम वाढलेली धावपळ, हीच होती. कोकणातल्या घरात धावपळ म्हणजे काय ते सांगायला नको: दारात एसटीतून उतरलेली माणसं, शिमग्याची पालखी, ढोल, फटाके. तेव्हा दोघांनाही पडवीत मोकळं ठेवून ‘बघा किती आनंदलीत’ म्हणणारा माणूस मला दरवर्षी भेटतो. पावसाळ्यातही तसंच. खळं चिखलात गेलं की सगळी जनावरं पडवीतल्या एका कोरड्या कोपऱ्यासाठी येतात. कोपरे दोन करा, दोन गोणपाटं दोन टोकांना टाका. पैसा लागत नाही.

‘दोन माद्या आणा, त्या शांत’ हे तर साफ उलटं. त्याच ३८ जोड्यांत ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, आणि ६८ टक्के जोड्यांत निदान एक तरी मादी होती. सुरुवात करणारं बहुतेकदा नंतर घरात आलेलं आणि वयाने लहान. आमच्या भागातला अनुभवही याहून वेगळा नाही: नर आवाज फार करतात, दोन माद्या एकमेकींना विसरत नाहीत. माजाच्या दिवसांत तर त्यांना एका दारात ठेवूच नये.

एका वेताच्या पिल्लांचं पिल्लूपण गोड असतं, ती एकावर एक झोपतात, फोटो छान येतात. पण कुत्र्याची पक्की समज साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. बहिणी-बहिणींचं पहिलं खरं भांडण बहुधा तेव्हाच होतं, आणि घरातले चकित होतात की वर्षभर एका पाटीत झोपलेल्या या दोघींना काय झालं. काही झालेलं नसतं, त्या मोठ्या झालेल्या असतात. दोन कुत्री हवीच असतील तर एक नर, एक मादी, वयात दोन-तीन वर्षांचं अंतर, आणि मादीचं ऑपरेशन आधी करून घ्या, नाहीतर जेमतेम दोन महिन्यांच्या गाभणकाळानंतर प्रश्न दोन कुत्र्यांचा राहणार नाही.

खच्चीकरणाने नरांचं भटकणं आणि मादीवरून होणाऱ्या मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात. बांगड्यावरून होणारी कमी होत नाही. करावंच, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा नको.

बिबट्याचं वाक्य ज्याने लिहिलं त्याने बिबट्याला विचारलेलं दिसत नाही. घाटापलीकडे, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. त्याच्या पोटात जाणाऱ्या मांसात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्या-मेंढ्यांपेक्षा जास्त. खळ्यात साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते वाट बघत असतं. एकाऐवजी दोन बांधली तर बिबट्या घाबरत नाही, आणि साखळीने एकमेकांच्या टप्प्यात ठेवलेली दोन तापट कुत्री बिबट्या यायच्या आधीच एकमेकांना धरतात. रात्री कुत्री आत, कडी घालून, आणि पटत नसेल तर दोन ठिकाणी. एक मांगरात, एक पडवीच्या खोलीत.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, आणि तीच सगळ्यांत आधी हवी होती: भांडण पेटलंच तर सोडवायचं कसं. पट्ट्याला हात घालू नका. त्या क्षणी कुत्रं कोणाचा हात ते बघत नाही, आणि चावा तिथेच बसतो. कळशीभर पाणी तोंडावर, किंवा मध्ये फळी, पत्र्याचा तुकडा, जाड सतरंजी, जे हाताशी असेल ते. दोन माणसं असतील तर दोघांचे मागचे पाय एकाच वेळी धरून ढकलगाडी ओढावी तसं मागे खेचायचं आणि वळत वळत दोन दारांनी दोघांना आत घ्यायचं. एकट्याने एकाचेच पाय धरले तर दुसरं मोकळं राहतं, हे लक्षात ठेवा. ‘आता हात मिळवा’ म्हणून लगेच समोर आणू नका, निदान दुसऱ्या दिवसापर्यंत तरी नाही. मग केस बाजूला करून कातडी बघा. सुळ्याचं भोक वरून तांदळाएवढं दिसतं आणि आत पोकळी होते. पावसात चार दिवस दुर्लक्ष केलं की पू होतो आणि किडे पडतात. पशुवैद्यकाला त्याच दिवशी दाखवा.

माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तेल काही नाही. मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. दात कातडीच्या आत गेला असेल, रक्त आलं असेल तर सोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. ‘आपलंच कुत्रं आहे’ हे कारण चालत नाही. कोल्हे रात्री बागेत येतात, भटक्यांशी झटापटी होतात, आणि रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय नसतो. कुत्र्यांची वार्षिक लस चुकवू नका.

मुंबईहून गणपतीला गाडीतून येणारे लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड हा आणखी एक प्रकार. पाहुणा थेट खळ्यात उतरवला की घरचा भडकणारच, घर त्याचं आहे. दोघांना आधी किनाऱ्यावर किंवा वाडीबाहेरच्या रस्त्यावर भेटवा, दोन माणसं, दोन दोऱ्या, मध्ये अंतर ठेवून एकाच दिशेला चालत. दोघं एकमेकांकडे टक लावणं सोडून वास घेत, मुतत चालायला लागली की मग घरी, आणि तोवर वाट्या, हाडं, गोणपाटं उचललेली हवीत. चाकरमान्याला दीड दिवसात परतायचं असेल तर भेटवूच नका, एक माडीवर, एक खाली.

आणि काही जोड्या जमतच नाहीत. सगळं नीट करूनही दोन माद्या तिसऱ्यांदा रक्तबंबाळ झाल्या, तर त्यांना एकत्र ठेवायचा हट्ट सोडावा. सकाळी एक मोकळी, दुपारनंतर दुसरी, मध्ये दोन दारं, एक उघडं राहिलं तरी दुसरं बंद असेल अशी. आमच्या वाडीत एका घरात गेली अनेक वर्षं असंच चाललंय. तिथली नात शाळेतून आली की आधी विचारते, ‘‘आता कोण भायेर आसा?’’ आणि मगच कडी काढते.