नोटरी केलेल्या तडजोडीवर दरखास्त होत नाही

छोट्या कंत्राटदारांच्या आणि पुरवठादारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: लवादापुढच्या (वाद सोडवायला पक्षांनी नेमलेल्या खासगी पंचापुढच्या) तडजोडीला कोर्टात किंमत नाही, पैसे थकले तर नव्याने दावा लावावाच लागतो, समोरच्याने आव्हान दिले की सगळे ठप्प, शिवाय दरखास्त (वसुलीसाठी कोर्टात करायचा अर्ज) लावायला लवाद झाला त्याच गावी जावे लागते. म्हणून लवादाची फी वाढवू नका, स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करा आणि मोकळे व्हा. यातला शेवटचा सल्ला माणसाला बुडवणारा आहे.

‘तडजोडीला कोर्टात किंमत नाही.’ साफ चूक. लवाद व सलोखा कायदा, 1996 चे कलम 30 वाचा. कार्यवाही चालू असताना तडजोड झाली आणि दोन्ही पक्षांनी विनंती केली, तर लवाद ती निवाड्याच्या (लवादाच्या अंतिम निर्णयाच्या) रूपात नोंदवू शकतो. या निवाड्याचा दर्जा इतर कोणत्याही निवाड्याइतकाच. त्यात कारणे लिहावी लागत नाहीत एवढेच. कलम 36 प्रमाणे त्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते. पुन्हा दावा नाही, साक्षीपुरावा नाही, थेट दरखास्त. बँक खाते, यंत्रे, गाळा यांवर जप्ती मागता येते आणि मूळ भांडण तिथे उकरून काढता येत नाही.

आता नोटरीवाला मार्ग पाहा. समजा, 18 लाखांवर मिटले, सहा हप्ते ठरले, नोटरी झाली आणि लवादाला पत्र गेले: ‘आपसांत मिटले, प्रकरण बंद करावे.’ प्रकरण बंद झाले की लवादाचा अधिकार संपतो. तिसरा धनादेश परत आला, तर हातात उरतो फक्त करार, आणि त्यावर खरोखरच नवा दावा लावावा लागतो. संदेशात सांगितलेली भीती त्याच संदेशातला सल्ला ऐकल्यामुळे खरी ठरते. सलोख्याच्या (तटस्थ व्यक्तीच्या मदतीने मिटवण्याच्या) कार्यवाहीतही हेच आहे. ‘म्हैसूर सिमेंट्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली सांगितले की तडजोडीचा कागद याच कायद्याच्या कलम 73 च्या (सलोख्यातील तडजोड-कराराच्या) चौकटीत बसत नसेल, तर त्याला निवाड्याचा दर्जा मिळत नाही.

म्हणून ‘मिटले’ एवढेच कळवू नका. ‘सोबतच्या अटींवर निवाडा द्यावा’ असा संयुक्त अर्ज करा. त्यात तारखांसह हप्ते लिहा आणि हे वाक्य घालाच: ‘एकही हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम व्याजासह तात्काळ देय होईल.’ हे वाक्य नसेल, तर पुढच्या हप्त्यांसाठी त्यांच्या तारखा उजाडेपर्यंत थांबावे लागते.

‘आव्हान दिले की सगळे ठप्प.’ पूर्वी तसे होते. 23 ऑक्टोबर 2015 पासून नुसता कलम 34 चा (निवाडा रद्द करण्याचा) अर्ज दाखल करून अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो आणि पैशांच्या निवाड्यात कोर्ट रक्कम भरण्याची अट घालू शकते. आव्हानाची कारणेही मोजकी आहेत. आपणच सही केलेल्या अटी नंतर जड वाटल्या, हे त्यांत बसत नाही. मात्र आव्हानाची तीन महिन्यांची मुदत सरेपर्यंत दरखास्त लावता येत नाही, हे खरे. त्या काळात समोरचा मालमत्ता विकू लागला, तर कलम 9 खाली कोर्टाकडे मनाई मागा.

‘लवाद झाला तिथेच जावे लागते.’ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘सुंदरम फायनान्स’ निकालानंतर, म्हणजे 2018 पासून, देणेकऱ्याची मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट दरखास्त लावता येते.

दरखास्ती रेंगाळतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्या सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले, तरी लोक हेलपाटे घालत आहेत. पण नवा दावा जिंकल्यावरही शेवटी याच रांगेत उभे राहायचे असते, तेही काही वर्षांनी.

दोन गोष्टींची संदेशात दखलही नाही. निवाड्यावर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले नसेल, तर दरखास्त तिथेच अडते; जमीन किंवा सदनिकेचा हक्क बदलत असेल, तर नोंदणीही पाहावी लागते. आणि निवाड्यानंतर पैसे कोर्टाबाहेर चुकते झाले, तर त्याची कोर्टात नोंद करून घ्या. देणेकऱ्याला त्या अर्जासाठी 30 दिवस मिळतात. नोंद न झालेला भरणा दरखास्तीचे कोर्ट धरत नाही.