‘गंजलेले भंगार’ या अभिप्रायास सहल-संचालकाचे उत्तर

आदरणीय काकाजी, सादर नमस्कार.

ऑस्ट्रेलिया सहलीविषयीचा आपला अभिप्राय मी दोनदा वाचला. गरी बेटावर, म्हणजे पूर्वीच्या फ्रेझर बेटावर, दिवसभर वाळूतून आदळत नेऊन शेवटी ‘महेनो’ या जहाजाचे गंजलेले भंगार दाखवले, तेही जेमतेम वीस मिनिटे. जवळ जाऊ दिले नाही, समुद्रात उतरू दिले नाही, आणि माहितीपत्रकातले जहाज निराळेच होते, असे आपण लिहिले आहे.

छायाचित्राबाबत चूक सर्वस्वी माझी आहे. ते चित्र बरेच जुने होते. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी ‘महेनो’चे लोखंड वर्षानुवर्षे झडत आले असून त्याचा मोठा भाग वाळूत गाडला गेला आहे, हे मी स्वतः तिथे जाऊन पाहिले होते, तरीही पत्रक छापताना जुनेच चित्र राहू दिले. त्यामुळे बेटावरील त्या दिवसापोटी घेतलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम आपल्या गटातील प्रत्येकाला परत करीत आहे.

वेळेबाबत मात्र मला आपले म्हणणे मान्य करता येत नाही. जगातील या सर्वांत मोठ्या वाळूच्या बेटावर जहाजापर्यंत जाणारा रस्ता म्हणजे समुद्रकिनाराच आहे. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास त्यावरून गाडी नेऊ नये, असा तिथला दंडक आहे. आपल्याकडे रपट्यावरून पुराचे पाणी वाहू लागले की एसटी अलीकडेच थांबते आणि चालकाशी कुणी वाद घालत नाही. तिथे तसे पाणी रोज दोनदा येते, एवढाच फरक. वरुड-मोर्शीच्या माणसाला भरती-ओहोटीचे गणित ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून ते निघण्यापूर्वी समजावून सांगायला हवे होते आणि तेवढे आमच्याकडून राहिले.

अवशेषांपासून किमान तीन मीटर दूर राहण्याचा नियम तिथल्या सरकारचा आहे, कारण कुजलेले पत्रे धारदार असतात आणि केव्हाही निखळतात. त्या किनाऱ्यावर पाण्याला जबर ओढ असते व शार्कही फिरतात, म्हणून समुद्रस्नान टाळले. त्याऐवजी एली क्रीक या ओढ्याच्या गोड्या पाण्यात आपण तासभर रमला होता; अभिप्रायात त्याचा उल्लेख राहिला, असो.

आता ‘भंगार’ या शब्दाविषयी. तो चुकीचा नाही, कारण १९३५ साली हे जहाज भंगारातच विकले गेले होते. १९०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधलेले हे टर्बाइनचे प्रवासी जहाज न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियादरम्यान धावत असे. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, त्याचे रुग्णालय करण्यात आले आणि तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावरून त्याने जखमी सैनिक वाहून नेले. त्याच मोहिमेत आपल्याकडच्या पलटणी आणि खेचरांच्या तुकड्याही लढत होत्या. पुढे जपानच्या भंगारवाल्यांसाठी ‘ऊना’ नावाचे दुसरे जहाज, जे स्वतःही मोडीतच निघाले होते, ‘महेनो’ला सिडनीहून ओढून नेत असताना जुलै १९३५ मध्ये वादळाने दोर तुटला. ‘महेनो’ आठ माणसांसह दिसेनासे झाले आणि काही दिवसांनी या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर रुतलेले आढळले. माणसे सुखरूप होती, किनाऱ्यावर मुक्काम ठोकून बसली होती. जहाज मात्र पुन्हा हलले नाही. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांनी बॉम्बफेकीच्या सरावासाठी त्याचाच नेम धरला.

हे सारे तिथल्या वाटाड्याने इंग्रजीत सांगितले, आमचा मुलगा त्या वेळी माणसे मोजत होता, आणि आपल्यासारख्या ज्येष्ठांच्या वाट्याला नुसता गंज आला. ही उणीव मला छायाचित्राच्या चुकीपेक्षा मोठी वाटते. पुढच्या गटाला हा इतिहास बेटावर उतरण्यापूर्वी मराठीतून सांगितला जाईल आणि भरतीचे वेळापत्रक आदल्या रात्री प्रत्येकाच्या हाती दिले जाईल.

आपण अभिप्रायासोबत जोडलेले छायाचित्र जहाजाचे आजचे खरे रूप दाखवते. आपली हरकत नसेल, तर नव्या पत्रकात तेच छापण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
संचालक